साडेत्रेसष्ट अंशांची वसाहत

मुंबईत दादर स्थानकाच्या पूर्वेला उतरून डॉ. आंबेडकर रस्त्याच्या दिशेने चालू लागले, की पाच-सात मिनिटांत फेरीवाल्यांचा गलका मागे पडतो आणि हिंदू कॉलनीच्या गल्ल्या लागतात. गल्ली म्हणायचे ते केवळ सवयीने. प्रत्यक्षात हे सरळ, रुंद आणि दुतर्फा झाडी असलेले रस्ते आहेत. मोठा रस्ता ओलांडला की पलीकडे पारशी कॉलनी आणि तिच्या पोटात पाच उद्याने. उत्तरेला किंग्ज सर्कल, म्हणजे आताचे महेश्वरी उद्यान, आणि त्याच्या भोवतीने माटुंगा. अलीकडे उभे राहिलेले मनोरे क्षणभर नजरेआड केले तर सगळीकडे इमारतीची ठेवण सारखीच दिसते. तळमजला आणि वर दोन-तीन मजले, कोपऱ्यावर गोलाई दिलेल्या गॅलऱ्या, जिन्यावर उजेड यावा म्हणून ठेवलेली उभी जाळी, आणि दोन इमारतींमध्ये एखादे झाड निवांत वाढेल इतकी मोकळी जागा.

मुंबईकरांच्या भाषेत ही 'चांगली वस्ती' आहे. मुंबईत मोकळी जागा किती महाग आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने विचारावे असा प्रश्न असा, की ही जागा येथे मोकळी राहिलीच कशी? बांधणाऱ्यांच्या औदार्यामुळे ती राहिलेली नाही. ती राहिली एका भूमितीच्या नियमामुळे. तो नियम आला एका रोगामुळे, आणि गंमत अशी की त्या रोगाचे कारण म्हणून तेव्हा जे मानले जात होते ते बरोबर नव्हते.

मांडवीतला ताप

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात काही रोगी तापाने फणफणले. जांघेत, काखेत गाठी येत आणि थोड्याच दिवसांत रोगी दगावत. मूळचे गोव्याचे आणि मांडवीत दवाखाना चालवणारे डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे ओळखले. लोक त्याला गाठीचा ताप म्हणू लागले. मांडवी हा बंदराला लागून असलेला धान्याच्या वखारींचा भाग. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार होती, पण त्या वेळी लोकांचे लक्ष वखारींपेक्षा गटारांकडे अधिक गेले.

शहर रिकामे होऊ लागले. १८९७च्या सुरुवातीच्या महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई गावाकडे पळाली असावी असे अंदाज आहेत. १८९१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१मध्ये ती ७,७६,००६ भरली. वाढत्या गिरणगावाच्या, वाढत्या बंदराच्या शहरात दहा वर्षांनी माणसे कमी भरावीत, यातच काय ते आले.

प्लेगचा जंतू त्या वेळी माहीत नव्हता असे नाही. १८९४मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी तो शोधला होता. मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी ऑक्टोबर १८९६मध्ये काम सुरू केले आणि जानेवारी १८९७मध्ये तयार झालेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. जंतू होता, लसही होती. नव्हते ते एकाच प्रश्नाचे उत्तर : हा जंतू एका माणसापासून दुसऱ्यापर्यंत पोचतो कसा?

या रिकाम्या जागी जुनी समजूत येऊन बसली. रोग दूषित हवेतून, घाणीच्या वाफांतून येतो ही समजूत युरोपात शेकडो वर्षांची होती. जंतूंचा शोध लागल्यावर ती गेली नाही, तिने फक्त पोशाख बदलला. जंतू आहे खरा, पण तो ओल्या मातीत, काळोखात, कोंदट हवेत वाढतो, असे आता अधिकारी व डॉक्टर म्हणू लागले. मग उपायही त्याला धरूनच झाले. गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बॉलिक आम्ल सोडले गेले. घरांना चुन्याची सफेदी झाली. उजेड आत यावा म्हणून छपरांची कौले काढली गेली. ज्या घरात माणूस राहू नये असे ठरले त्याच्या भिंतीवर 'यू.एच.एच.' ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवली गेली. त्यांचा अर्थ 'माणसाच्या वस्तीस अयोग्य'. ही अक्षरे पाहून लोकांना जी धडकी भरे ती तापापेक्षा कमी नव्हती. १८९७च्या साथरोग कायद्याने तपासणी पथकांना घरात शिरण्याचे अधिकार मिळाले होते, आणि त्या अधिकारांचा वापर कसा झाला हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

या वातावरणातच १८९८मध्ये कायदा होऊन मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. तिचे काम दुहेरी होते. दाटीच्या जुन्या वस्तीत रुंद रस्ते पाडून समुद्रावरचा वारा आत आणायचा, आणि शहराच्या उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखायच्या. आजचा प्रिन्सेस स्ट्रीट आणि पूर्वीचा सँडहर्स्ट रोड हे पहिल्या कामाचे नमुने. नकाशा उघडून पाहिला तर ते पश्चिमेच्या समुद्राकडून पूर्वेकडच्या दाट वस्तीत घुसलेले दिसतात. ते जितके रहदारीसाठी तितकेच वाऱ्यासाठी होते. दुसऱ्या कामातून दादर-माटुंगा निघाले.

दोन फुटांचा पिंजरा

इकडे रस्ते पाडले जात असताना शास्त्रज्ञ दुसऱ्याच वाटेने चालले होते. पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर १८९७मध्ये मुंबईत आला. १८९८मध्ये कराचीत त्याने साधा प्रयोग केला. प्लेगने आजारी असलेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर आणि निरोगी उंदीर यांना त्याने एकमेकांना स्पर्श होणार नाही अशा रीतीने जवळ ठेवले. निरोगी उंदराला प्लेग झाला. अर्थात रोग नेणारी पिसू. या निष्कर्षावर कित्येक वर्षे कोणी फारसा विश्वास ठेवला नाही.

१९०५पासून प्लेगच्या संशोधनासाठी नेमलेल्या आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत जे काम केले ते मात्र निर्णायक ठरले. त्यातला एक प्रयोग शाळेत आवर्जून सांगावा असा आहे. प्लेगच्या उंदरांवरच्या पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिग ठेवले. काहींचे पिंजरे जमिनीवर होते, काही जमिनीपासून दोन फूट उंच टांगलेले. जमिनीवरच्या गिनीपिगांना प्लेग झाला, टांगलेल्यांना झाला नाही. दोघेही श्वास घेत होते ती हवा एकच होती. प्लेग हवेतून येत असता तर दोघांनाही व्हायला हवा होता. पिसू काही इंचच उडी मारू शकते, दोन फूट नाही. माकडांवरच्या प्रयोगात एका पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा सहा इंच रुंदीचा पट्टा अंथरला, तेवढ्यानेही आतले माकड वाचले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारे तसेच ठेवायचे, हे प्रयोगाचे मूलतत्त्व याहून सोपे करून सांगता येईल असे आम्हाला वाटत नाही.

मग मांडवीच का, हेही उलगडले. वखारीत धान्य, धान्यावर उंदीर, उंदरावर पिसू. उंदीर मेला की भुकेली पिसू माणसाकडे वळते. गटारांत पाणी आणि औषध सोडल्याने बिळातले उंदीर शेजारच्या घरांत पळाले असण्याचीच शक्यता अधिक. म्हणजे ज्या उपायाने रोग हटायचा तोच त्याला पसरायला मदत करत होता.

परळची ही प्रयोगशाळा आणि दादर-माटुंग्याची आखणी चालू होती ती जमीन यांच्यात फार तर दोन-तीन किलोमीटरचे अंतर. पण प्रयोगाच्या निष्कर्षामुळे आखणी थांबली नाही किंवा बदललीही नाही. ती थांबली नाही हे बरेच झाले, असे आज म्हणता येते. का, ते पुढे पाहू.

इमारतीचा आणि प्लेगचा अजिबात संबंध नव्हता असेही समजू नये. नळीची कौले, मातीच्या भिंती, कुडाचे आडोसे आणि फळ्यांच्या जमिनी म्हणजे उंदरांचे नंदनवन. फरसबंद जमीन आणि पक्की भिंत यांत त्याला बीळ करता येत नाही. तेव्हा नवी पक्की घरे प्लेगला अटकाव करीत होती खरी, पण उजेडामुळे नव्हे, तर भिंतीत भोक नसल्यामुळे.

अर्धी रुंदी, दुप्पट उंची

आता तो नियम. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२मध्ये मुंबईच्या घरांतील उजेड व हवा या विषयावर सविस्तर विवेचन केले आणि एका कोनाचा हिरिरीने पुरस्कार केला : साडेत्रेसष्ट अंश. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या दिशेने, क्षितिजाशी ६३.५ अंशांचा कोन करणारी एक तिरकी रेषा कल्पायची. समोरची इमारत त्या रेषेच्या वर जाता कामा नये. नियम एवढाच.

साठ नाही, पासष्ट नाही, साडेत्रेसष्टच का? दहावीच्या विद्यार्थ्याला हे उत्तर काढता येईल. काटकोन त्रिकोणात पाया एक आणि उंची दोन असेल तर पायथ्याच्या कोनाचे टॅन गुणोत्तर दोन येते, आणि तो कोन ६३ अंश २६ मिनिटांचा असतो. गोळाबेरीज करून साडेत्रेसष्ट. म्हणजे दोन इमारतींमधली मोकळी जागा समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी असलीच पाहिजे. चाळीस फूट उंच इमारत असेल तर मध्ये वीस फूट. कोनाचे नाव भारदस्त, पण गवंड्याला तो दोरीने मोजता येतो. चांगल्या नियमाची ही एक खूण आहे.

नियम मुंबईचा नव्हे, विलायतेचा. लंडनच्या १८९४च्या इमारत कायद्यात घरामागच्या मोकळ्या जागेसाठी हाच कोन होता. पण लंडन ५१.५ अक्षांशावर आहे आणि मुंबई १९ अक्षांशावर, त्यामुळे तोच कोन दोन्ही ठिकाणी सारखा वागत नाही. आम्ही हिशेब करून पाहिला. लंडनमध्ये २१ जूनच्या माध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ६२ अंशांवरच असतो. म्हणजे पूर्व-पश्चिम गल्लीत, नियमात बसणारी समोरची इमारत पूर्ण उंचीची असेल, तर भिंतीच्या पायथ्याशी माध्यान्हीचे ऊन वर्षातून एकदाही पोचायचे नाही. मुंबईत २२ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य ४७.५ अंशांवर असतो, पण मार्चच्या आरंभी तो साडेत्रेसष्ट ओलांडतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याच्या खाली येत नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर तो डोक्यावरून उत्तरेकडे झुकतो आणि गल्लीच्या दुसऱ्या भिंतीला ऊन देतो. गल्ली उत्तर-दक्षिण असेल तर हिशेब आणखी चांगला. प्रत्येक भिंतीच्या पायथ्याला ऋतूप्रमाणे दिवसातून दीड ते दोन तास ऊन मिळते, एका बाजूला माध्यान्हीच्या आधी आणि दुसऱ्या बाजूला नंतर. लंडनमध्ये नाइलाजाची तडजोड असलेला कोन मुंबईच्या आकाशाला पुष्कळ मानवला.

हा प्रयोग शाळेच्या परिसरात सहज करता येतो. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा आणि दोऱ्याला खडा बांधून ओळंबा करावा, कोनमापकाची सरळ कड समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रोखावी आणि दोरा कोणत्या अंशावर स्थिरावतो ते वाचून नव्वदातून वजाबाकी करावी. शहरातल्या मुलांनी आपापल्या घराच्या खिडकीखाली उभे राहून हा कोन मोजला, तर वर्गात एका दिवशी चाळीस घरांची माहिती गोळा होईल.

भाताच्या खाचरात ब्लॉक

दादर-माटुंग्याची जमीन काही ओसाड नव्हती. भाताची खाचरे, वाड्या, ताड-माड, जवळच मिठागरे आणि लहान गावठाणे असा तो मुलूख होता. सखल असल्याने पावसाळ्यात पाणी साचे. ट्रस्टने ती संपादन केली, भराव घालून उंच केली, गटारे टाकली, रस्ते आखले आणि मग प्लॉट पाडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. शेताचा भाव द्यायचा की होऊ घातलेल्या शहराचा, यावरून मालकांशी खूप काळ तंटे चालले. आपल्याकडे आजही कोणत्याही प्रकल्पात होणाऱ्या भांडणाची ही आद्य आवृत्ती म्हणता येईल.

आखणी लवकर झाली तरी माणसे लवकर आली नाहीत. पहिले महायुद्ध उलटून गेले, जागेचे भाडे शहरात कडाडले, आणि १९२० ते १९४०च्या दरम्यान हा भाग खऱ्या अर्थाने भरला. या वीस वर्षांत सलोह काँक्रीट मुंबईत रुळत गेले. भार खांबांवर व तुळयांवर जाऊ लागल्याने भिंती पातळ झाल्या, खिडक्या रुंद झाल्या, आणि भिंतीबाहेर आधाराशिवाय झेपावणारी, कोपरा वळून जाणारी गॅलरी शक्य झाली. तिलाच आज आपण आर्ट डेको शैली म्हणतो. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या आर्ट डेको इमारतींना २०१८मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. माटुंग्याच्या याच घराण्यातल्या साध्या बहिणींकडे त्या मानाने फार थोड्यांचे लक्ष गेले आहे.

पण खरा बदल दर्शनी भागात झाला नाही, तो घराच्या पोटात झाला. तोवर मुंबईतील सामान्य माणसाचे घर म्हणजे चाळीतली खोली. १९११च्या जनगणनेप्रमाणे मुंबईतील दर दहा माणसांपैकी सुमारे सात माणसे एका खोलीच्या घरात राहत. खोलीत मोरी, पुढे सामाईक गॅलरी, आणि टोकाला किंवा मागे सगळ्यांचे मिळून संडास. दादर-माटुंग्यात त्याऐवजी 'ब्लॉक' आला. इंग्रजीत ज्याला फ्लॅट म्हणतात त्याला मुंबईच्या मराठीत कित्येक पिढ्या ब्लॉकच म्हणत. स्वतःचे दार, स्वतःचे स्वयंपाकघर, स्वतःची न्हाणी आणि घरातच संडास.

हे शेवटचे वाटते तितके सोपे नव्हते. संडास घरात असणे हे सोवळ्याओवळ्याच्या कल्पनेला धक्का देणारे होते. तो स्वच्छ करणारी माणसे, ज्यांच्यावर जातीने हे काम लादले होते, ती स्वयंपाकघराजवळून कशी जाणार? नकाशाने या पेचातून वाट काढली ती अशी : संडास ब्लॉकच्या अगदी मागच्या टोकाला, न्हाणीपासून वेगळा, बऱ्याचदा मागच्या गॅलरीच्या शेवटी, आणि तेथवर जायला इमारतीच्या मागून लोखंडी गोल जिना. पाण्याने धुऊन जाणारी गटारे होती म्हणून हे जमले, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर संडास शक्यच नव्हता. हे जिने जुन्या इमारतींच्या मागे आजही गंजलेल्या अवस्थेत दिसतात. पाहणाऱ्याला ते आगीच्या वेळी पळून जाण्यासाठी केले असावेत असे वाटते. दर्शनी भागातल्या गोल गॅलरीइतकाच हा मागचा जिनाही इतिहास आहे, आणि वास्तुशैलीच्या पुस्तकांत त्याला सहसा जागा मिळत नाही.

कोण कोठे राहिले हेही पाहण्यासारखे आहे. मंचेरजी एदलजी जोशी हे ट्रस्टमधले अभियंता. मध्यमवर्गीय पारशांसाठी काही प्लॉट राखून ठेवावेत यासाठी त्यांनी ट्रस्टचे मन वळवले आणि त्यातून पारशी कॉलनी उभी राहिली. पाच उद्यानांना आज त्यांचेच नाव आहे. हिंदू कॉलनीत प्रामुख्याने मराठी पांढरपेशे आले. माटुंग्यात मद्रास इलाख्यातून कारकुनी, लघुलेखन, हिशेबनिशी अशा कामांसाठी आलेली कुटुंबे वसली. १९३२मध्ये स्थापन झालेल्या साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटीने त्यांच्या मुलांसाठी येथे शाळा चालवली आणि १९४२मध्ये स्टेशनजवळ रामा नायक यांची उडुपी खाणावळ सुरू झाली. शिक्षणसंस्थाही याच मोकळ्या जमिनीवर आल्या : व्हीजेटीआय १९२३मध्ये, रुईया आणि खालसा ही महाविद्यालये १९३७मध्ये. म्हणजे आखणी करताना हवा आणि उजेड सर्वांसाठी होता, पण वस्ती झाली ती ज्ञातीच्या आणि भाषेच्या गल्ल्यांनी.

ज्यांची घरे पाडली ते

येथे एक हिशेब मांडलाच पाहिजे. मांडवी, नागपाडा, उमरखाडी यांसारख्या दाट वस्त्यांतून ज्या गरिबांची घरे ट्रस्टने पाडली, त्यांच्यापैकी दादर-माटुंग्याच्या ब्लॉकमध्ये कोण राहायला आले? जवळजवळ कोणीही नाही. भाडे परवडणारे नव्हते, आणि गोदी, गिरणी व बाजार यांपासून इतक्या लांब राहणे हमालाला किंवा गिरणी कामगाराला शक्यही नव्हते. पहिल्या वीस वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्याही नाहीत. विस्थापित झालेले बहुतेक लोक शेजारच्याच गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत आणखी दाटीने राहू लागले. रोग हटवण्यासाठी केलेल्या कामाने दाटी वाढवली.

ट्रस्टने गरिबांसाठी काही चाळी बांधल्या हे खरे. त्या 'बीआयटी चाळी' म्हणून ओळखल्या जातात. १९२०नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथे २०७ बीडीडी चाळी उभ्या केल्या, त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची.

एकाच संस्थेच्या या दोन तऱ्हांमधले अंतर किती होते, हे एका प्रसिद्ध स्थलांतरावरून कळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत सुमारे बावीस वर्षे राहिले. त्यांतील एक खोली बहुतांशी पुस्तकांना आणि अभ्यासाला लागे. १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात ते हिंदू कॉलनीतील 'राजगृह' या स्वतःच्या घरात राहायला गेले. ते घर बांधतानाच त्यांनी ग्रंथालयाची सोय डोळ्यांपुढे ठेवली होती. चाळ ट्रस्टची आणि कॉलनीची आखणीही ट्रस्टचीच. अंतर दोन-तीन किलोमीटर, पण चाळीतल्या फारच थोड्या माणसांना ते ओलांडता आले.

ट्रस्ट १९३३मध्ये महापालिकेत विलीन झाला.

चुकीच्या रोगावरचे औषध

आता राहिलेला मुद्दा. हवा आणि उजेड यांनी प्लेग थांबला नाही, मग या नियमाचा उपयोग काय झाला? उपयोग झाला तो दुसऱ्याच रोगावर. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२मध्येच दाखवला होता. क्षय खरोखरच हवेतून पसरतो. रोगी खोकतो तेव्हा उडणारे सूक्ष्म तुषार बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. मोकळा वारा त्यांना विरळ करतो आणि उन्हातील अतिनील किरण जंतूंना मारतात. प्लेगच्या बाबतीत गैरलागू असलेला उपाय क्षयाच्या बाबतीत नेमका लागू पडतो. साडेत्रेसष्ट अंशांचा कोन चुकीच्या रोगासाठी दिलेले बरोबर औषध होते. विज्ञानाच्या इतिहासात असे क्वचित घडते, पण घडते. आणि म्हणूनच एखादा सिद्धांत खोटा ठरला की त्यातून आलेला प्रत्येक नियम फेकून द्यायचा नसतो, त्याची पुन्हा स्वतंत्र परीक्षा करायची असते.

तशी परीक्षा मात्र मुंबईने केलेली दिसत नाही. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंना संरक्षण मिळाले, पण मालकांना दुरुस्तीत रस उरला नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत काँक्रीटमधल्या सळया गंजल्या, फुगल्या आणि गिलावा सुटू लागला. पुढे पुनर्विकासाचे नियम आले. जुन्या भाडेकरूंना फुकट घर आणि खर्च भरून निघण्यासाठी बांधकाम व्यावसायिकाला वाढीव चटई क्षेत्र, हा त्यांचा गाभा. भाडेकरूंची बाजू खरी आहे. पडायला आलेल्या इमारतीत राहणाऱ्याला कोनाचे कौतुक सांगणे सोपे असते. तरीही आकडा पाहावा. तीन मजल्यांच्या जागी ६० मीटर उंचीची इमारत आली आणि तिच्या व शेजारच्या इमारतीच्या मध्ये ९ मीटर अंतर राहिले, असे समजू. कोन होतो साडेएक्याऐंशी अंश. पूर्वी भिंतीच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले तर आकाशाची २६.५ अंशांची पट्टी दिसे, आता साडेआठ अंशांची दिसते.

दादर-माटुंग्यातील नव्या इमारतींत वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना याची झळ कमी लागेल. झळ लागली आहे ती चेंबूर-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींना. रस्ते, रेल्वे आणि नाले यांच्या कडेच्या झोपड्या हटवून त्या कुटुंबांना तेथे सात-आठ मजली इमारतींमध्ये २२५ चौरस फुटांची घरे दिली गेली. काही वसाहतींत दोन इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर आहे. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी २०१८मध्ये केलेल्या अभ्यासात, दाटीने बांधलेल्या अशा वसाहतींत क्षयाचे प्रमाण अधिक आढळले आणि त्याचा संबंध उजेड व खेळत्या हवेच्या अभावाशी जोडला गेला. हा अभ्यास वाचल्यावर आम्ही मघाचाच हिशेब पुन्हा केला. उंची २३ मीटर आणि अंतर ३ मीटर धरले तर कोन साडेब्याऐंशी अंशांचा येतो. पूर्व-पश्चिम गल्लीत पायथ्याला माध्यान्हीचे ऊन डिसेंबरात नाही, जानेवारीत नाही, फेब्रुवारी-मार्चमध्येही नाही. ते येते साधारण २० एप्रिलच्या सुमारास, आणि जूनमध्ये पावसाचे ढग ते झाकतात. उत्तर-दक्षिण गल्लीत प्रत्येक भिंतीला दिवसाकाठी जेमतेम अर्धा तास.